सकर्मक

पीटरहेडच्या बंदरात, जाळ्यांच्या गोदामावर एक खोली.
मंगळवारी सात वाजता तिथे इंग्रजी शिकवतात.
खुर्च्यांना हेरिंगचा वास, हीटरला दम्याची धाप.
मी मागच्या बाकावर, झेरॉक्स वाटायला नेमलेला.

ऊना स्ट्राखननं फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं : बॅफल.
त्याच्याखाली त्याची भावकी :
पर्प्लेक्स, दोऱ्यात दोरा अडकलेला ;
कन्फाउंड, दोन भांड्यांतलं एकाच भांड्यात ओतलेलं ;
बिविल्डर, ज्याच्या पोटात रान आहे
आणि वाटाड्या केव्हाच निघून गेलाय.
"सगळे एका घरचे," ती म्हणाली,
"पण एकाचा सदरा दुसऱ्याला होत नाही."

मी वहीत आपले समोरासमोर बसवत गेलो.
गांगरणे. बावरणे. चक्रावणे.
बुचकळ्यात पडणे, इथे पेन थांबलं.
कुठल्या पाण्यात, किती खोल, कुणी ढकललं,
आमचा वाक्प्रचार काहीच सांगत नाही.

रोडेल ट्रॉलरवर खलाशी. त्याचं वाक्य :
वाऱ्यानं आमच्या बोटीला बॅफल केलं.
वर्ग हसला. ऊना हसली नाही.
"शिडांच्या काळात असंच म्हणायचे," म्हणाली,
"घडीघडीला दिशा बदलणाऱ्या वाऱ्याला."

वॉटी बुकन हीटर दुरुस्त करायला आलेला,
गुडघ्यावर बसून, हातात पाना.
मान न वळवता म्हणाला,
"जहाजाच्या टाकीतही बॅफल असतो. आडवा पत्रा.
तो नसला, तर अर्धी टाकी एका कुशीला धावते
आणि जहाज तिच्यामागून जातं."
मग जरा थांबून,
"मी स्वतः मात्र डम्फूनर्ट होतो. बॅफल वगैरे शहरातले लोक होतात."

ऊनानं अजून एक जुना अर्थ सांगितला :
शब्द मोडणाऱ्या सरदाराचं चित्र काढायचे इथे,
आणि टांगायचे भर चौकात, पाय वर, डोकं खाली.
त्यालाही बॅफल करणंच म्हणत.

लेतेब्रहान तोवर बोलली नव्हती.
मासे सोलून सोलून तिच्या बोटांना चिकटपट्ट्या.
तिनं विचारलं,
"आणि त्यानं शब्द मोडलाच नसला तर?"

हीटर तेवढा वाजत राहिला.

तिचं स्वतःचं वाक्य दोनच शब्दांचं होतं : मी बॅफल.
ऊना हळूच म्हणाली, "हे क्रियापद एकटं उभं राहत नाही.
कुणी केलं? कुणाला केलं?
दोन्ही टोकं हवीत."

माझ्या भाषेत माणूस एकटाच गोंधळतो.
कर्म नाही, साक्षीदार नाही.
जसा काही सगळा दोष त्याच्याच डोक्याचा.
इतकी वर्षं मी हे व्याकरण समजत होतो.

लेतेब्रहाननं खोडलं. पुन्हा खोडलं.
मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली :
ग्लासगोचं ऑफिस, काचेमागचा माणूस.
जन्मसाल त्यानं तीनदा विचारलं.
एक कागद चर्चचा, एक शाळेचा,
आणि तिच्या गावचं पंचांग इथल्याहून सात वर्षं मागे,
काही महिने तर आठ.
एकच मुलगी, एकच जन्म, दोन आकडे.
त्यानं फाइलवर लिहिलं : विसंगत.
त्या दिवसापासून ती टांगलेलीच आहे,
असं ती म्हणाली नाही.
ते मी म्हणतोय.

तिनं कागद पुढे केला.
पेन्सिल इतकी दाबून धरलेली की मागच्या पानावर ठसा उठलेला :

माझ्या पंचांगानं साहेबाला बॅफल केलं.
मी बॅफल झाले नव्हते.

ऊनानं लाल पेन उचललं.
कर्ता पाहिला, कर्म पाहिलं, काळ पाहिला.
एक पूर्णविराम राहिला होता, तो दिला.

वॉटीनं पाना पिशवीत टाकला.
हीटर पुन्हा धापा टाकू लागला होता,
पण त्याबद्दल त्याला कुणी काही विचारलं नाही.