ळ

पाचगणीच्या स्टँडवर माझा नंबर तिसरा,
पण पुढच्या दोघांना टेबललँडचं भाडं लागलं
म्हणून ती माझ्या वाट्याला आली.
पंचाहत्तरीची बाई, पांढरे बूट, हातात एक फोटो.
ती फोनशी बोलायची, फोन माझ्याशी हिंदीत बोलायचा.
फोन म्हणाला, मेरी मौसी यहाँ सोती है.
मी विचारलं, कुठल्या हॉटेलात?

मग फोटो बघितला.
नऊ वर्षांची पोर, केसांत रिबीन, गुडघ्यांच्या वाट्या वर आलेल्या.
लढाईत पोलंड सुटलं,
बर्फातनं इराण, इराणातनं कराची,
तिथनं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत;
छाती बिघडली म्हणून इकडं वर, हवेला.
साल चव्वेचाळीस.
मी या घाटात केस पांढरे केले
आणि मला वळिवडं म्हणजे नुसतं एक रेल्वे स्टेशन.

दफनभूमीत सिल्व्हर ओकचा पाचोळा घोट्याएवढा.
रणभिसेमामा कोयत्यानं घाणेरी तोडत पुढं,
मी गाडीची काच पुसतो तसा दगड पुसत मागं.
सतराव्या का अठराव्या दगडावर
एक इंग्रजी एल दिसला, त्यावर तिरकी रेघ.
म्हटलं, हा कुणीतरी खरवडलाय, पुढं चला.
ती पुढं गेलीच नाही.
खाली बसली. रेघेवरनं बोट फिरवलं.
फोन न काढताच काहीतरी बोलली,
माझ्याशी नव्हे.

ओरखडा नव्हता तो. अक्षर होतं त्यांचं.
दिसायला एल, अंगावर रेघ, म्हणायला जवळजवळ व.
बोगुमिवा.
माझ्याकडनं तीनदा म्हणवून घेतलं.
तिसऱ्यांदा जमलं
तेव्हा पर्समधली आल्याची गोळी माझ्या हातावर ठेवली.

कुडाळकडं उतरताना माझं गाव लागतं.
पाणी घ्यायला थांबलो
तर ती चावडीच्या भिंतीतला दगड वाचत उभी:
या गावातून लढाईवर गेले एक्केचाळीस, परतले नाहीत सात.
नावं? तिनं विचारलं.
आकडेच आहेत, मी म्हटलं.
आणि हा पहिल्या लढाईचा.
दुसरीला आमच्या आज्याचा थोरला भाऊ गेला,
इटलीत राहिला. तिला दगडसुद्धा नाही.
बघायला कोण जाणार तिकडं?
तिनं आडनाव विचारून वहीत उतरवून घेतलं.
मला वाटलं, रीत म्हणून.

मे महिन्यात फोटो आले. कसिनो.
डोंगरावर तिच्या देशातल्या पोरांची थडगी,
खाली पायथ्याला आपल्या माणसांची नावं,
हिरवट संगमरवरात, ओळीनं, पलटणीप्रमाणं.
एक नाही, दोन नावं तिनं धाडली होती,
दोन्हींपुढं आमचं आडनाव.
तुमचं कुठलं?

कुठलं ते मी कसं सांगू?
घरात त्याला नाना म्हणायचे.
पलटणीत काय नाव लागलं
ते सांगणारं कुणी उरलं नाही.
जी ओ एल ई.
वाचलं तर गोले.
गोळेतला ळ जहाजावरच राहिला असणार.
कोरणाऱ्याला तरी काय माहीत,
नाहीतर मारली असती त्यानंही
एल वर एखादी रेघ.

मी तिला आवाज भरून पाठवला:
गोळे. ळ. जीभ मागं वळवायची.
उलट तिचा आवाज आला.
गोडे. गोरे. गोवे.
तिसऱ्यांदाही जमलं नाही, हसली,
मागं कुठंतरी ट्राम गेल्यासारखी घंटा वाजली.

दोन्ही फोटो वाईला जाऊन मोठे करून आणले.
भिंतीवर एकच लावावा म्हणतो,
कुठला ते ठरत नाही,
दोन्ही अजून गाडीच्या खणात आहेत.

काल पुण्याचं भाडं होतं, स्ट्रॉबेरीचं क्रीम खायला आलेलं.
दफनभूमीच्या भिंतीशी आल्यावर
माझा हात स्टिअरिंग सोडून छातीकडं गेला.
मागनं बाईंनी विचारलं, इथं कुठलं देऊळ आहे हो?
वळण आलं होतं.
मी गाडी दुसऱ्यावर घेतली.