चिठ्ठीवरचा रकाना

माझं अक्षर बरं, म्हणून फिलू लोबो
दर एप्रिलात मला बोलावते
बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला.
यंदा एकसष्ट बाटल्या. गेल्या साली चव्वेचाळीस.
मोबदला सुके बांगडे, आणि एक बाटली
जिचं बूच नीट बसलेलं नसतं.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, सड्याच्या कुशीत
तिच्या द्राक्षवेली.
कोकणात द्राक्षं! बाजारात लोक हसतात.
पावसाळाभर वेली बुरशी पांघरून बसतात,
तापकऱ्यानं घोंगडी घ्यावी तशा.
दसरा झाला की ती कात्री लावते.
मग जे व्हायचं ते कोरड्या चार महिन्यांत.

खालची रांग व्हाळाकाठी.
माती पायाला चिकटणारी, मणी टपोरे, पाणीदार.
त्यांची वाइन लाघवी पाहुण्यासारखी,
गोड बोलते, आणि उठून गेली
की नाव आठवत नाही.

मधली रांग गडग्याला पाठ लावून.
रात्री मतलई सुटते,
तरी जांभ्याचे चिरे पहाटेपर्यंत कोमट.
मी हात लावून पाहिलंय.
त्या बरणीचं झाकण काढलं
की भाजलेल्या आठळ्यांचा वास येतो.

तिथेच पश्चिमेच्या टोकाला सहा वेली
खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर.
पानांच्या कडा करपलेल्या,
मणी पुसून खाल्ला तरी जिभेवर मीठ.
त्यांची ती विकत नाही.
तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर स्वतः पिते,
दार लावून.

आणि वरची रांग. निव्वळ कातळ.
तिथे माती नव्हतीच कधी.
आहे ती चार बोटं, हाऱ्यातून वाहिलेली;
दर पावसात धुपून व्हाळाला जाते,
पाऊस ओसरला की फिलू परत वर नेते.
सत्तावीस वर्षं.
मणी वाटाण्याएवढे, साल जाड.
पहिला घोट तोंड आवळतो,
मग रहाटाच्या गंजल्या दांड्याची चव,
आणि पुष्कळ वेळानं,
घरी येऊन, दिवा मालवून पडल्यावर,
घशात काहीतरी उमलतं
ज्याला माझ्याकडे शब्द नाही,
आणि मी तर मराठी शिकवतो.

चिठ्ठीवर छापील रकाने:
साल. रांग. माती. उतार.
वरच्या रांगेपाशी मी थांबलो.
माती कुठली लिहू? व्हाळाची?
"व्हाळाचीच. पण व्हाळान ती
खयसून हाडल्यान, मास्तरानु?"
मी वर पाहिलं. कातळ उन्हात तापत होता.
रकाना कोरा सोडला.

पुढे लिहिलं, उतार: पूर्वेकडचा, तीव्र.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
माझं अक्षर बोटानं वाचलं,
बोटाच्या पेरात तांबडी रेघ, कधीच न धुतली जाणारी.
"उतार पाण्याक," ती म्हणाली.
"माका चढ."

एकोणीस चिठ्ठ्यांवर मी खोडून चढ लिहिलं.
विसावी आधीच डिंकाला चिकटून सुकली होती.
ती राहिली तशीच.
तिचंच बूच नेमकं सैल निघालं.
माझ्या टेबलावर आहे आता,
अर्धी.