एकूण नग

दुपारी, बाणेरच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर
नवी आलेली शर्वाणी बारटक्के विचारते,
"मी तर अख्खा अ‍ॅरे पाठवला होता, दहा खणांचा.
फंक्शनच्या आत तो दिसतच नाही. गेला कुठे?"

मी तिला कंपायलरचं पोट उघडून दाखवतो.
बघ, इथे प्रत्येक प्रकाराची एकच नोंद.
'इंट' तू हजार ओळींत हजारदा लिही,
आत सगळ्यांची बोटं त्याच एका चौकटीकडे.
दोन प्रकार सारखे का, हे तो नावं वाचून ठरवत नाही;
पत्ते जुळले, की झालं.

आणि ही फंक्शनची नोंद:
आधी काय परत येणार, मग काय काय आत जाणार,
ओळीने, उंबऱ्यावर चपला काढाव्यात तसं.
उंबऱ्यावर बरंच काही उतरवून ठेवावं लागतं.
वरवरचा 'कॉन्स्ट' उतरतो:
तुझी प्रत तू बदल नाहीतर नको, बाहेरच्याला काय त्याचं.
आणि अ‍ॅरे?
अख्खी चाळ घेऊन आलीस
तरी आत जातो पहिल्या खोलीचा पत्ता.
खोल्या असतात जागच्या जागी.
फक्त किती, ते कुणी सांगत नाही.

"मग लांबी?"
लांबी वेगळी पाठवावी लागते, म्हटलं.
शेजारच्या जागेत, साधा आकडा.
तिने ते वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी फोन. स्वारगेटवरून एक रिक्षावाला:
"काका सापडलेत. खिशात चिठ्ठी आहे. आणतो."

अण्णा.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर.
वॉशर, खिळे, पेट्या,
सगळं मोजून घेतलेलं, मोजून दिलेलं.
आता माझं नाव त्यांना अधूनमधूनच लागतं.
चिठ्ठी मीच लिहिली होती, मार्चमध्ये:
सहकारनगर, शाळेच्या मागची बिल्डिंग, पहिला मजला.

रिक्षावाल्याने मीटरच्या वर एक रुपया घेतला नाही.

चिठ्ठी परत खिशात घालताना उलटी झाली.
मागे त्यांचं अक्षर, पेन्सिलीचं,
रजिस्टरातल्यासारखं उजवीकडे झुकलेलं:
एकूण नग ९.

कसले नऊ, विचारलं.
ते चपला काढत होते उंबऱ्यावर,
एकीवर एक न पडू देता.
"मोजून घे," म्हणाले.