पिवळा की पांढरा

गेलेले दिवे मी त्याच्या जुन्या लोकरी मोज्यात घालून नेले.
काच फुटली तर माप कुठून आणायचं?
बसमध्ये पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "अंडी?"
म्हटलं, तसंच काहीतरी.

तपकीर गल्लीत भर दुपारीही दिवे जळत असतात.
ललवाणींच्या काउंटरवर मी तिघांना ओळीने निजवलं:
न्हाणीतला पिनवाला,
पॅसेजमधला आट्यांचा,
आणि पलंगाशेजारचा बारका, अंगठ्याएवढ्या कमरेचा,
ज्याचं होल्डर सेलमधून आणलं त्या दिवसापासून छळतंय.

धाकट्या ललवाणीने बारका फिरवून पाहिला.
"हा चौदाचा, काकू. सत्तावीसचा यात बसत नाही.
दाबून बसवाल तर होल्डर जाईल."
स्थळं सुचवणारे इतकं मोजून कधी सांगत नाहीत.

"पॅसेजचा उघडा आहे की गोळ्यात?"
गोळ्यात. आत गेल्या वर्षीचे किडे.
"मग बारा वॉटचा नको, गुदमरून मरेल. पाचचा न्या."
उजेडही गुदमरतो, हे नवीनच.

"आणि रंग? वॉर्म की कूल?"
इथे मी अडले.

अकरा वर्षं आमच्याकडे पांढरा. साडेसहा हजारवाला.
पिवळ्यात पेपर दिसत नाही, हा म्हणायचा.
आधी नऊ वॉट, मग बारा, मग पंधरा.
माझ्या स्वयंपाकघराचा दवाखाना झाला,
वरणसुद्धा आजारी दिसायचं.
भांडलो. ट्यूबवरून भांडलो, म्हणजे बाकी सगळ्यावरून.
मग डॉक्टर शिरगोपीकरांनी बॅटरी मारून सांगितलं,
मोतीबिंदू. चांगला पिकलाय.
म्हणजे पिवळा रंग होता तो याच्या डोळ्यात,
आणि बदलत होतो आम्ही बल्ब.

उजवा डोळा झाला, त्याला आज बारा दिवस.
पट्टी निघाली तसा घरी येऊन ओट्यापाशी उभा राहिला,
एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.
"या डोळ्याने भिंत पांढरी. या डोळ्याने चहासारखी."
मग माझ्याकडे वळला.
एक डोळा झाकला. मग दुसरा.
बोलला काहीच नाही.
कोणत्या डोळ्याला काय दिसलं, मी विचारलं नाही.
मग ट्यूब बंद केली. "भलतीच टोचते गं."
तेव्हापासून आम्ही संध्याकाळी अंधारातच बसतो,
डावा डोळा पुढच्या महिन्यात.
तोवर घरात दोन माणसं, एकाच चष्म्यातली.
दिवा कुणासाठी घ्यायचा?

ललवाणीने फळीवरच्या होल्डरांत दोन्ही पेटवले.
मी हात धरला खाली.
पांढऱ्यात शिरा निळ्या, नखाखालची हळद ओळखू येईना.
पिवळ्यात बांगड्या जिवंत झाल्या, आणि हात
माझा, पण बराच आधीचा.

"मधला आहे एक. चार हजारवाला. कंपनी नॅचरल म्हणते."
"नॅचरल म्हणजे?"
तो विचारात पडला. मग दाराबाहेर बोट केलं.
"म्हणजे आत्ता आहे तसं."
बाहेर ढगाळ. वायरींची भेंडोळी,
दोन स्कूटर नाकाला नाक लावून अडलेल्या,
आणि मागे सरायला दोघांपैकी कुणी तयार नाही.
सगळं स्पष्ट दिसत होतं.
"द्या दोन," म्हटलं.
पलंगाशेजारी मात्र पिवळाच घेतला. कुणाला न विचारता.

बुडावर त्याने बॉलपेनने तारीख घातली. दोन वर्षं गॅरंटी.
मी हिशेब केला: तोवर याचे दोन्ही नितळ,
माझे कदाचित सुरू झालेले.

सहकारनगरला पोचेपर्यंत सात वाजले.
मी स्टुलावर, हा स्टूल धरून.
"कोणता आणलास?"
खाली उतरले, बटणापाशी गेले.
"तूच सांग."
"थांब," म्हणाला,
आणि कोणता डोळा मिटावा हे त्याचं ठरेपर्यंत
मी बटणावर बोट ठेवून उभी.