तीन प्रतींत

मागणीपत्र तीन प्रतींत लागतं.
मी कपाटात कार्बन पेपर शोधतेय
आणि शनाभाई हसतोय:
बेन, कार्बन आता कोण वापरतं,
रावपुऱ्यातून झेरॉक्स आणतो ने.

कार्बन म्हटलं की मला काजळी आठवते.
ज्योतीवर फिरणारा पितळी ड्रम,
त्यावर ताणलेला चकचकीत कागद
काळा होत जाताना
याच्या वडिलांचा, सोमाभाईंचा, रोखलेला श्वास.
मग बेडकाच्या हृदयाला दोऱ्याने बांधलेली काडी
काळ्यावर पांढरं लिहीत जायची.
लाखेच्या वार्निशात बुडवून ते धडधडणं
आम्ही दोरीवर वाळत घालायचो,
चिमटे लावून.

बेडूक बंद झाले. बरंच झालं.
त्यांच्या जागी संगणकात बेडूक येणार होता.
संगणक आला,
बेडकाचं लायसन्स मार्चमध्ये संपलं.

आता मुलं दोनशे,
रक्तदाबाची यंत्रं अकरा,
त्यांतली चार खरं बोलतात.
स्पायरोमीटरला खंडेराव मार्केटमागच्या
सायकलवाल्याचं पंक्चर लावलंय.
फुंकलेला थोडा श्वास तिथून सटकतो,
तो किती, हे मी अंदाजाने मिळवायला शिकवते.
विज्ञान शिकवते मी.

विश्वामित्री विभागात शिरली त्या वर्षी
सेंट्रिफ्यूजच्या पोटात वीतभर गाळ बसला.
जिन्यावर मगरीचं पिल्लू होतं, पहारेकरी म्हणाला.
अहवालात मी मगर घातली नाही.
विमेवाल्याने विचारलं, यंत्राचं वय काय?
म्हटलं, माझ्याएवढं.
त्याने मान न उचलता
घसारा लावला.

हे सगळं मी दरवर्षी लिहिते,
दरवर्षी शेरा येतो: पुढील वर्षी विचार व्हावा.
हातही आता न बघता लिहितो.
मंगळवारी मात्र तो अडला.

मंगळवारी हिमोग्लोबिनचं प्रात्यक्षिक होतं.
बोटाला सुई, नळीत थेंब, आम्ल,
मग थेंबथेंब पाणी घालत राहायचं
शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत.
साडेबारा, तेरा, तेरा, चौदा.
सगळी तुकडी खणखणीत.
शेवटच्या बाकावरून रेमती राठवा आली,
छोटाउदेपूरच्या पलीकडची, एरवी न बोलणारी.
माझं बारा आलं, मॅडम.
मग?
बारा येऊच शकत नाही.
आमच्या घरी कुणाचंच येत नाही.
आई विहिरीवरून येताना दोनदा बसते.
तिने काच खिडकीशी धरली, झाडावरच्या ऊन्हात,
आणि वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली,
काच विटलीय.

दुपारी तिला घेऊन मी रुग्णालयाच्या मशीनकडे गेले.
आठ पूर्णांक सहा.
परत येताना ती माझ्यापुढे चालत होती, भरभर,
मध्येच थांबली, दम घेतला, आणि विचारलं:
गावातल्या सगळ्यांचं असं मोजता येईल?
पेशी कोयत्यासारख्या वाकतात म्हणे, त्या आपल्याला दिसतील?
कशात बघायच्या?

कशात बघायच्या.
किती बॅचेस, मी मोजायला लागले
आणि थांबले.
बावीस वर्षं ती काच मीच पुसून ठेवते,
मऊ फडक्याने.

आता रकाना आहे: मागणीचे औचित्य.
तीन ओळींची जागा.
संशोधन, गुणवत्ता, राष्ट्रीय मानांकन
हे शब्द तिथे छान मावतात, मला पाठ आहेत.
मी लिहिलं:
आमच्याकडची काच विटली आहे.
तिच्यातून सगळे बरे दिसतात.

शनाभाई आला घामेजून.
दोन प्रती ठीक, तिसरी फिकी,
त्यांची शाई संपत आली होती.
अक्षरं आहेत, पण उजेडाकडे धरावी लागतात.
चालशे ने, बेन?

नाही शनाभाई.
परत जा.