ळ

निपानियाला उतरायचं, मग सर्व्हिस रोडनं चालत जायचं,
सिमेंटच्या ट्रकांपासून अंग चोरत.
सी-ब्लॉकच्या जिन्याखाली आमची शाळा.
शाळा म्हणजे एक ताडपत्री, अकरा मुलं
आणि खुंटीला बांधलेली शेळी,
जिचं नाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी रामबागेतली.
एकतीस वर्षं शिक्षण विभागात आवक-जावक सांभाळली.
‘अपूर्ण अर्ज, परत’ हा शिक्का
माझ्या हातून किती वेळा उठला, कोण मोजतं?
शाई वाळली की नवा पॅड मागवायची.

आता तेच अर्ज मी भरते, गुडघ्यावर फळी ठेवून.
नाव : थावरी.
जन्मतारीख :
तिची आई नानकी डोक्यावरच्या विटा न उतरवताच सांगते,
थावरला झाली म्हणून थावरी.
“अहो, शनिवार ही तारीख नव्हे.”
“मग काय आहे?”
समग्र आयडी अलीराजपूरला, पत्र्याच्या पेटीत.
पेटीची किल्ली मामाकडे.
मामा मोरबीला, फरशीच्या कारखान्यात.

प से पानी, मी म्हटलं.
पाणी, ती म्हणाली.
पानी.
पाणी.
तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं मी.
सदुसष्ट साल. दुसरीचा वर्ग. बोटांच्या पेरांवर फुटपट्टी :
पाणी नहीं, पानी. बोलो.
घरात पाणी, शाळेत पानी,
आणि मधल्या रस्त्यावर
मला तहान लागायचीच नाही.

मग तीच देत गेली, मी घेत गेले.
काळो. फळ. डुळा,
असं म्हणून तिनं स्वतःच्या पापणीवर बोट ठेवलं.
डोळा. किती जवळचं घर होतं हिचं,
आणि मी बस बदलून येत होते.

“हे लिही,” ती म्हणाली.
पुस्तकातली अक्षरं ज्ञ पाशी संपली होती.
कोळसा घेतला, जिन्याखालच्या कच्च्या भिंतीवर
काढला एक वीतभर ळ.
रेमला म्हणाला, बैलाच्या नाकपुड्या.
कुणी म्हणालं, बाईचा चष्मा.
थावरी काही म्हणाली नाही.
तिचं बोट दिवसभर काळं होतं.

सरकारी शाळेत हेडबाईंनी तिच्या वहीवर
लाल गोल केला.
“ये हमारे यहाँ नहीं होता, ताई.”
“कोण?” मी विचारलं.
त्या चमकल्या.
मी अक्षराबद्दलच विचारत होते. बहुतेक.

जुनी कॅलेंडरं चाळून
मी तिला एक शनिवार निवडून दिला, जूनमधला.
एकतीस वर्षांत न केलेली खोटी नोंद
निवृत्तीनंतर केली, निळ्या शाईत, सुवाच्य.
नाव पटावर चढलं.
बूट मी घेतले. ती ते हातात धरून शाळेत गेली,
झिजतील म्हणून.

भगोरियाला सगळे गावी गेले ते गेलेच.
सी-ब्लॉक पुरा झाला. जिन्याखाली पाण्याचा पंप,
भिंतीला पुट्टी, वर साईचा रंग.
मी तळहातानं चाचपत होते तर वॉचमन म्हणाला,
मैडम, कुछ गिर गया क्या?

परवा अनोळखी नंबर.
मागे भट्टीची घरघर, वर तिचा आवाज :
“बाई, इथं आहे तो!
दुकानाच्या पाटीवर. तोंड निराळं आहे,
पण मामानं वाचलं तर तोच निघाला.”
“थावरी, शाळेत जातेस ना गं?”
घरघर.
मग तीही नाही.

टीसीचा अर्ज भरून टेबलावर ठेवलाय.
गाव : मोरबी.
शाळेचं नाव : पुढची ओळ कोरी.
अपूर्ण आहे.
परत करायला आता खिडकीच्या आत कुणी नाही,
मीच आहे, बाहेर उभी.