अधीन राहून

केप्याच्या मामलेदार कचेरीत एकवीस वर्षं मी टंकलेखन करते.
पंचविसावा अनुच्छेद बोटांना पाठ आहे.
सर्व व्यक्ती सारख्याच हक्कदार,
पण त्याआधी तीन शब्द दाराशी बसलेले :
सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य.
यांच्या अधीन राहून.

त्या सोमवारी सुकांती वेळीप बर्फात होती.
नऊ वर्षांपूर्वी तिनं जत्रेची वर्गणी थांबवली,
रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये डोळे मिटून गाऊ लागली.
स्मशान समिती म्हणाली, ती आमची नव्हे.
इगर्जीत वही उघडली, नाव नव्हतं,
वही मिटली.

मुलगा तुळशीदास, नाव त्यानं बदललेलं नाही,
चपला दाराबाहेर काढून माझ्या टेबलासमोर उभा.
जमीन आमचीच आहे बाई, काजूखालची.

हरकतीवर त्रेचाळीस सह्या.
कारण : सुव्यवस्था बिघडेल.
कोण बिघडवणार, मी विचारलं.
आम्हीच, असं कुणी लिहून देत नाही.

मधल्या शब्दाकडं दिवसभर कुणी फिरकलं नाही.

तिसऱ्यापाशी मात्र मीच अडले.
काजूपासून दहा पावलांवर पुनो गावकराची विहीर,
सात घरं तिचं पाणी पितात.
ही हरकत खरी होती.
खऱ्या हरकतीचा आवाज किती बारीक असतो,
बेचाळीस सह्यांखाली पुनोचा अंगठा,
आणि पुढं कंसात फक्त : पाणी.

आरोग्य खात्याच्या बाई टेप घेऊन आल्या.
एक टोक मी विहिरीच्या काठाला धरलं,
दुसरं चढत गेलं वर, काजू सोडून, सड्यावर,
जिथं चार बोटं माती आणि खाली नुसता जांभा.
इथं चालेल, त्या म्हणाल्या.
इथं कुदळ चालत नव्हती.

तेव्हा पुनो घरात गेला, पहार घेऊन आला.
पहार दिली, हात दिला नाही.
उतारावर पाठ करून बसला,
वर लोखंड दगडावर वाजत राहिलं
दिवेलागणीपर्यंत.

आदेश मी रात्री टंकला.
‘धर्म’ या रकान्यात काय, तुळशीदासला विचारलं.
तो म्हणाला, आई होती.
रकाना मोकळा ठेवला, साहेबांनी सही केली,
पाहिलं नसावं.

पहार परत गेली तेव्हा टोकाला लाल माती होती.
पुनोनं ती विहिरीवर धुतली नाही,
काळोखात खालच्या ओहोळाशी नेली.
आरोग्य म्हणून, की दुसरं काही,
मी नोंदवलेलं नाही.